जातं गहाण घेऊ नये

वऱ्हाडात ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे शब्द शाळेच्या निकालापेक्षा मरणानंतर जास्त ऐकू येतात. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की पोलिसांचा पंचनामा, तलाठ्याचा अहवाल, सातबारा, बँकेचा थकबाकीचा दाखला असे कागद तहसिलीत गोळा होतात आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातात. नापिकी, कर्जबाजारीपणा आणि परतफेडीचा तगादा यांतूनच मरण आलं असं दिसलं तर प्रकरण पात्र. नाहीतर अपात्र, किंवा फेरचौकशी. पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये, त्यांतले तीस हजार हाती आणि सत्तर हजार ठेवीत, अशी रीत जानेवारी २००६ मध्ये ठरली. नांदगाव खंडेश्वर तालुका ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, तो जिल्हा त्या वर्षीच्या केंद्राच्या पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांपैकी एक.

सरकारी तिजोरीला निकष लागतात, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती हा शब्द कागदावरून गावाच्या तोंडी येतो त्याबद्दल. मदत अपात्र ठरते आणि हळूहळू माणूसच अपात्र होतो. ‘पीत होता’, ‘घरचं भांडण होतं’, ‘लग्नात उधळलं’, अशी कारणं पारावर मिळतात आणि गाव मोकळं होतं. जिनं जन्मभर निंदण-खुरपण केलं, पण जिचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलं नाही, ती तर शेतकरी म्हणून मोजली जाण्यासाठीही झगडते.

ख्रिस्ती विचारात जीवनाचं पावित्र्य नेमकं इथं बोलू लागतं. बायबलच्या पहिल्याच अध्यायात देव माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवतो. तेव्हा माणसानं अजून काही पेरलेलं नाही, कमावलेलं नाही, पुण्यही केलेलं नाही. म्हणजे त्याची किंमत कर्तृत्वाच्या आधीची आहे. जे मिळवलेलंच नाही, ते नापिकीनं किंवा थकबाकीनं गमावलंही जात नाही.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर चर्चनंही शतकानुशतकं आपली पात्र-अपात्रांची यादी ठेवली होती. पाचव्या शतकात संत ऑगस्टिननं आत्महत्येला ‘खून करू नको’ या आज्ञेखाली आणलं. पुढं अशा मृतांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला जाऊ लागला, आणि कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायद्यातही ती मनाई होती. १९८३ च्या नव्या कायद्यातून ती गेली. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथानं आत्महत्या चूकच मानली, पण तीव्र मानसिक यातनेत माणसाची जबाबदारी कमी होते हे मान्य केलं आणि अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये असंही सांगितलं. आपल्या कायद्यानंही हीच वाट धरली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसावर तीव्र ताण असल्याचं गृहीत धरलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं कलम ३०९ राहिलं नाही.

बायबल स्वतः मात्र पहिल्यापासूनच अधिक हळुवार होतं. दाविदाचा सल्लागार अहिथोफेल यानं स्वतःचं जीवन संपवलं. त्याला बापाच्याच थडग्यात पुरलं, एवढंच तिथं नोंदलं आहे. एलीया संदेष्टा रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येतो तो प्रवचन द्यायला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं पुढं ठेवतो, त्याला झोपू देतो आणि पुन्हा खाऊ घालतो. वाट लांबची आहे, एवढंच तो म्हणतो.

मला वाटतं, या शिकवणीचा अर्थ आपण उलटा लावला. जीवन पवित्र आहे हे वाक्य खचलेल्याच्या अंगावर फेकायचं नाही. त्याचं तोंड भोवतालच्यांकडे आहे. मोशेच्या नियमशास्त्रात सावकाराला बजावलं आहे की कुणाचं जातं, किंवा त्याची वरची तळीसुद्धा, गहाण घेऊ नये. कारण तसं करणं म्हणजे जीवच गहाण घेणं. जीवनाच्या पावित्र्याची इतकी रोखठोक व्याख्या मला दुसरीकडे सापडली नाही. इथं पाप कर्जदाराचं नाही. जात्याला हात घालणाऱ्याचं आहे.

हे परकं वाटायचं कारण नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्याच पापळचे पंजाबराव देशमुख मध्य प्रांत-वऱ्हाडात मंत्री होते, तेव्हाचा १९३३ चा कर्ज लवाद कायदा याच न्यायाचा होता: कर्ज फिटावं, पण तडजोडीनं, माणूस त्यात बुडू नये. जप्तीत शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं वगळावं, असं दिवाणी कायदाही सांगतो. पण कृषी केंद्राची उधारी आणि विनापरवाना सावकाराचा कोरा स्टॅम्प या कायद्यांच्या पलीकडे राहतात, आणि आज जातं तिथंच गहाण पडतं.

पंडिता रमाबाईंनी आपल्या घरची एक गोष्ट लिहून ठेवली आहे. १८७० च्या दशकातला दुष्काळ, घरात दाणा नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी जलसमाधीचा निश्चय करून सगळ्यांचा निरोप घेतला. तेव्हा भावानं जातीचा, शास्त्रीपणाचा मान बाजूला ठेवून मजुरी करायची तयारी दाखवली, आणि वडिलांनी तो विचार सोडला. पुढं काही दिवसांतच ते गेले, नंतर आई आणि बहीणही गेली. म्हणजे गोष्ट यशाची नाही. पण त्या क्षणी वडिलांना थांबवलं ते ‘ओझं मी उचलतो’ म्हणणाऱ्यानं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा घेऊन आल्या, तेव्हा त्या आपल्या त्या भावाचंच काम करत होत्या.

कुणी म्हणेल, पात्रता न पाहता दिलं तर लबाड फावतील. फावतीलही. येशूच्या दाखल्यातल्या द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण रोज मिळतो आणि सकाळपासून राबणारे कुरकुरतात. त्यांचं गणित चुकीचं नाही. पण घरची चूल त्या गणितावर पेटत नाही, हे मळ्याच्या मालकाला ठाऊक आहे.

समितीनं आपले निकष पाळावेत. मंडळीला, पारावरच्या लोकांना, सोसायटीच्या सचिवाला आणि उधारीची वही ठेवणाऱ्या दुकानदाराला मात्र वेगळा प्रश्न लागू आहे. मरणानंतर दारात तलाठी येतो. त्याच्या आधी, तो माणूस झुडपाखाली बसला होता तेव्हा, भाकर घेऊन कोण गेलं होतं?