डोंगराकडे जाणारी एसटी

कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात सुट्टीच्या दिवशी सकाळी रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी लागलेल्या असतात. १६४६ मीटर उंचीचं, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. माथ्यावर देवीचं इवलंसं देऊळ, कातळाच्या टप्प्यांवर लोखंडी शिड्या. माणसं येणारच, आणि यावीतच. पण या मोटारींच्या मधून एखादी लाल एसटी भोंगा वाजवत पुढे सरकू पाहत असते. तिच्यात घोटीच्या दवाखान्याला निघालेला म्हातारा असतो, माहेराहून परतणारी लेकुरवाळी असते. डोंगर पाहायला आलेल्यांनी डोंगरात राहणाऱ्यांचा रस्ता अडवलेला असतो आणि त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

डोंगरावर कसं वागावं हे आता बहुतेकांना पाठ झालं आहे. प्लॅस्टिक टाकू नये, बुरुजावर नाव कोरू नये, टाक्याच्या पाण्यात पाय घालू नयेत. चांगलंच आहे. मात्र डोंगरापर्यंत कसं जावं, हा प्रश्न आपण निव्वळ सोयीचा मानतो. मला तो नीतीचा वाटतो. आपलं वागणं पायवाटेवर पाऊल टाकल्यावर सुरू होत नाही, ते घराचं दार ओढून घेतल्यापासूनच सुरू झालेलं असतं.

मुंबईकडून कसाऱ्यापर्यंत लोकल, तिथून घोटी, घोटीला राजूर-अकोल्याकडे जाणारी गाडी धरायची आणि बारीच्या फाट्यावर उतरायचं. तसंच पुढे गेलं की शेंडी, म्हणजे भंडारदरा. तिथून जलाशयाच्या काठाकाठाने रतनवाडीपर्यंत पायी जाता येतं. उजव्या-डाव्या हाताला सतत पाणी किंवा डोंगर, शेवटी अमृतेश्वराचं कोरीव देऊळ आणि मागे रतनगड. ही वाट चालून जावी अशीच आहे. मोटारीच्या काचेतून ती संपून जाते, दिसत नाही.

या पाण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि तिच्यावरचं हे धरण १९१० ते १९२६ या काळात बांधलं गेलं. पाणी अडलं डोंगरात, पण भिजला तो खालचा मुलूख. संगमनेर-श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला, प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना झाला. वरच्या महादेव कोळी, ठाकर वस्त्यांच्या वाट्याला आला तो पाण्याला वळसा घालणारा लांबचा रस्ता आणि त्या रस्त्यावरची एसटी. म्हणून ही गाडी मला फार मोलाची वाटते. राज्याने या माणसांना दिलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक आहे. ज्या नगर जिल्ह्यात हे डोंगर आहेत, त्याच जिल्ह्याच्या गावातून, नगरहून पुण्याला, १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी सुटली होती.

आता ही गाडी टिकते कशी ते पाहू. आगारात प्रत्येक फेरीचं भारमान बघतात. किती आसनं, किती तिकिटं फाटली, त्यावरून फेरीची किंमत ठरते. डिझेल महागलं, गाड्या कमी पडल्या, की पहिली कुऱ्हाड कमी भारमानाच्या फेरीवर पडते आणि ती फेरी बहुधा डोंगरातल्या शेवटच्या गावची असते. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. १७ मार्च २०२३पासून सगळ्याच स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास करता येतो. पण फाट्यावर गाडीच आली नाही तर तो पास घेऊन ती मुलगी करणार काय? दहावीनंतर शाळा सुटण्याची कारणं शोधताना आपण घरच्यांच्या मानसिकतेवर लांबलचक बोलतो. बंद झालेल्या दुपारच्या फेरीविषयी फारसं कुणी बोलत नाही.

रविवारी आपण दोन-चार तिकिटं काढल्याने बुधवारची फेरी वाचत नाही, हे मला मान्य आहे. तरीही एक गोष्ट सलत राहते. पावसाळ्यात या डोंगरांकडे माणसांचा लोंढा येतो आणि आगाराच्या कागदावर तोच मार्ग रिकामा दिसतो, कारण आलेला जवळजवळ प्रत्येकजण स्वतःची गाडी घेऊन आलेला असतो. एवढी गर्दी असलेल्या रस्त्यावर प्रवासी नाहीत म्हणून एसटी बंद व्हावी, यात आपला वाटा आहेच.

मुक्कामी गाडीने जाण्याची तर गोष्टच वेगळी. संध्याकाळी ती शेवटच्या गावात पोचते, चालक-वाहक तिथेच देवळात किंवा गाडीतच पथारी पसरतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. त्या गाडीने गेलेला माणूस गावात रात्री असतो. कुणाच्या तरी ओसरीवर झोपतो, नागलीची भाकर खातो, चार पैसे त्या घरात देतो आणि गावातलाच एखादा वाटाड्या घेऊन सकाळी गड चढतो. पहाटे शहरातून मोटारीने येऊन, डबा सोबत आणून, दुपारी परतणाऱ्याचे पैसे टोलनाक्यावर आणि हमरस्त्यावरच्या हॉटेलात खर्च होतात. गावाला मिळते ती धूळ.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत याच जलाशयाच्या भोवती, घाटघर-उडदावणेच्या बाजूला, झाडं काजव्यांनी लखलखतात. नर काजवा प्रकाशाची उघडझाप करून मादीला साद घालतो. त्यांच्याकडे त्यासाठी मोजकेच दिवस असतात. नेमक्या त्या रात्री शेकडो मोटारींचे दिवे त्या झाडांवर पडत राहतात. मादीला तो इशारा दिसला नाही तर पुढची पिढी येणार कुठून? ज्याच्यावर प्रेम आहे म्हणून आपण येतो, त्याचाच वंश आपल्या येण्याने खुंटत असेल, तर त्या प्रेमाचा पुन्हा विचार करायला हवा. मुक्कामी एसटी संध्याकाळी एकदा येते आणि दिवे मालवून उभी राहते.

एसटीने गेलं की आपोआप पुण्य लागतं असं मात्र नाही. रविवारी संध्याकाळच्या परतीच्या गाडीत याची परीक्षा होते. वीस-पंचवीस जणांचा चमू आधी चढतो, आसनांवर माणसं आणि सॅका दोन्ही बसतात, आणि पुढच्या फाट्यावर बोचकं घेऊन चढलेली आजी दांडा धरून उभी राहते. आधी आलो म्हणून जागा आमची, हे नियमाला धरून आहे. न्यायाला धरून नाही. आपल्याला ही गाडी चुकली तर जीप करता येते. तिला ही गाडी चुकली तर रात्र फाट्यावर काढावी लागते. ज्याला दुसरा पर्याय नाही त्याचा हक्क पहिला, एवढं मला स्वच्छ दिसतं. मोठ्या गटाने तर नेहमीच्या फेरीवर भार टाकूच नये. प्रासंगिक करारावर एसटीची अख्खी गाडी मिळते, ती घ्यावी. पैसे महामंडळालाच जातात आणि गावकऱ्यांची जागाही राहते.

ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, ज्यांच्यासोबत तान्हं मूल आहे, त्यांनी मोटारीने जावं. त्यांना कुणी बोल लावू नये. मी बोलतो आहे ते धडधाकट माणसांशी, ज्यांना गड चढायची हौस आहे पण फाट्यावर अर्धा तास उभं राहायची तयारी नाही. एसटी आपल्या वेळेने चालत नाही, ही तक्रार मी पुष्कळदा ऐकतो. ती खरी आहे. पण त्या डोंगरात राहणारी माणसं रोज त्याच वेळेने जगतात. पाहुण्याने एक दिवस घरच्यांच्या वेळेने जेवावं, यात जड काय आहे?

तेव्हा पुढच्या वेळी निघण्याआधी चौकशी खिडकीवर फेऱ्यांच्या वेळा विचारा. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे वाहकालाच विचारून ठेवा. सॅक मांडीवर किंवा पायाशी घ्या. आणि एखादी फेरी बंद झाल्याचं गावात कळलं, तर घरी आल्यावर त्या आगाराच्या व्यवस्थापकांना पत्र लिहा. ग्रामपंचायतीचे अर्ज त्यांच्याकडे गेलेले असतातच. त्यांच्या जोडीला प्रवाशाचंही एक पत्र जाऊ द्या.