भाईच्या माघारी

थोरल्या भावाचा इंतकाल हे एक वेगळेच दुःख आहे. वडील गेले की छत्र हरपले म्हणतात. त्या दुःखाला नाव आहे, समाज ते ओळखतो. थोरला भाऊ मात्र वडीलही नसतो आणि बरोबरीचाही नसतो. वडिलांचा राग आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी तो स्वतःवर घेतो. कोणी त्याला भाई म्हणतो, कोणी भाईजान, कोणी दादा. तो गेला की आपले बालपण पाहिलेला एक साक्षीदार जातो, आणि आजवर धाकटे असलेले आपण एकाएकी मोठे होतो.

या दुःखाची आपल्या इतिहासात उदाहरणे आहेत. हजरत उमर (र.) यांचे थोरले बंधू हजरत जैद यमामाच्या लढाईत शहीद झाले. उमर म्हणजे कठोर स्वभावाचा, डोंगरासारखा माणूस. पण पूर्वेचा वारा आला की त्यांना त्या वाऱ्यात जैदची आठवण येई, असे सांगितले जाते. इस्लाम तर जैदने आपल्या आधी स्वीकारलाच, शहादतीतही तो आपल्या पुढे गेला, असे ते म्हणत. खलिफाच्या डोळ्यांत भावासाठी पाणी येणे कोणाला गैर वाटले नाही. तेव्हा रडावे की रडू नये, हा आपला प्रश्न नाही. रडून झाल्यावर काय, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे याचे ठरावीक उत्तर आहे. तिसऱ्या दिवशी जियारत, मग चाळीसावा, वर्षाने बरसी. कुरआनखानी होते, देगा चढतात, पाहुणे येतात, मरहूमच्या चांगुलपणाचे चार शब्द निघतात. हे विधी योग्य की अयोग्य, यावर आलिमांमध्ये मतभेद आहेत. त्या वादात आम्हाला शिरायचे नाही. पण देग उतरल्यावर भाईच्या घरात काय उरते, तेवढे पाहावे असे वाटते.

मूताच्या लढाईत (हिजरी ८, इ. स. ६२९) हजरत अली (र.) यांचे थोरले बंधू हजरत जाफर शहीद झाले. ते पैगंबरसाहेबांचे (स.) चुलतभाऊ. बातमी आल्यावर पैगंबरसाहेबांनी जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवा, असे लोकांना सांगितले. म्हणजे ज्या घरात मौत झाली त्या घराने गावाला जेवू घालायचे नव्हते, गावाने त्या घराला जेवू घालायचे होते. तीन दिवसांनंतर ते पुन्हा त्या घरी गेले. आता रडणे पुरे, असे सांगितले आणि भावाच्या मुलांना जवळ बोलावले. मुलांच्या आईने त्यांच्या यतीमपणाची काळजी बोलून दाखवली, तेव्हा दुनियेत आणि आखिरतमध्ये या मुलांचा वाली मी आहे, असे त्यांनी सांगितले. तीन दिवस अश्रूंचे, आणि चौथ्या दिवसापासून मुले. भावाची आठवण कशी ठेवायची, याचा इतका सोपा धडा दुसरा नसेल.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या पिढीतला थोरला भाऊ अनेक घरांत एकसारखाच आहे. दहावीनंतर शाळा सोडलेला. कोकणातला असेल तर जहाजावर किंवा आखातात गेलेला, मालेगाव-भिवंडीचा असेल तर लूमवर उभा राहिलेला. त्याच्या पैशांतून बहिणींची लग्ने झाली, धाकट्यांच्या फिया भरल्या गेल्या, कौलारू घराचा स्लॅब झाला. घर अर्थातच वडिलांच्या नावावर. बापाच्या हयातीत स्वतःच्या नावावर घर करणे त्याला बेअदबी वाटली. असा भाई वडिलांच्या आधी जातो, तेव्हा त्याच्या खात्यात फारसे काही उरलेले नसते. सारे घरात गेलेले असते.

काही वर्षांनी वडीलही जातात आणि वाटणी होते. आपल्याकडे वारसा मुस्लिम कायद्याने ठरतो, १९३७ च्या शरियत कायद्याने ते पक्के केले आहे. जवळचा वारस दूरच्याला बाजूला सारतो, असा त्यातला नियम आहे. मुलगा हयात असेल तर आधी वारलेल्या मुलाच्या मुलांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा मिळत नाही. सून तर सासऱ्याची वारस नसतेच. ज्या घराच्या विटा भाईच्या घामाच्या, त्या घरात त्याची मुले कायद्याने पाहुणी ठरतात.

यावर आपले ठरलेले बोलणे असते, ‘आम्ही चुलते आहोत ना, पुतण्यांना उघड्यावर थोडेच टाकणार?’ बहुतेकदा ते मनापासूनच असते. पण दरसाल जून महिन्यात फीसाठी काकांच्या दारात उभे राहणे वेगळे आणि स्वतःच्या हिश्श्यावर उभे राहणे वेगळे. भाईने आपल्याला दिले तेव्हा मागायला लावले नव्हते.

शरियतने यावर वाट ठेवलेली आहे. वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. समजा, तीन मुलगे होते, बहिणी नाहीत, आई हयात नाही. भाई असता तर त्याला तिसरा हिस्सा मिळाला असता. आजोबांनी वसीयत केली, तर त्याच्या मुलांना नेमका तेवढाच मिळू शकतो. हयातीत हिबा करून ताबाही देता येतो. इजिप्तने १९४६ च्या कायद्याने अशा नातवंडांसाठी वसीयत सक्तीची केली, पाकिस्तानने १९६१ मध्ये त्यांना मृत बापाच्या जागी हिस्सा दिला. यावरही आलिमांमध्ये वाद झाले. पण स्वखुशीने केलेल्या वसीयतीला कोणाचाच विरोध नाही. वाटणीच्या वेळी नातलग, यतीम आणि गरीब हजर असतील तर त्यांनाही त्यातून द्या आणि त्यांच्याशी चांगले बोला, अशी सूरह निसाची (४:८) शिकवण आहे.

वाट आहे, तरी वसीयतीचा कागद होत नाही. याचे कारण हा विषय वडिलांपुढे काढायचा कोणी? भावजय काढू शकत नाही, तिच्यावर लालचीपणाचा शिक्का बसेल. मुले लहान असतात. वडील मुलाच्या दुःखाने खचलेले, आणि मौतचे बोलणे घरात अशुभ मानलेले. उरतो आपण धाकटे. त्या कागदाने ज्यांचा हिस्सा कमी होणार, तो कागद करा म्हणून बापाला सांगण्याचा मान आणि जबाबदारी त्यांचीच. इथे प्रेमाची परीक्षा होते. भाईची तारीफ करायला काही खर्च येत नाही. चाळीसाव्याला खर्च येतो, पण त्यात आपले नावही होते. या कागदाने मात्र फक्त आपलेच कमी होते आणि गावात कोणाला ते कळतही नाही.

आणि वसीयतीविना वडील गेले, तरी वेळ गेलेली नसते. कायद्याने आपल्या वाट्याला आलेले त्याच्या मुलांना देण्यापासून आपल्याला कोणीही अडवत नाही. कायदा सक्ती करत नाही, म्हणूनच या देण्याला मोल आहे. भाईवरही कोणी सक्ती केली नव्हती. त्याने शाळा सोडली ती कोणत्या कलमाने नव्हे.

त्याच्या मगफिरतीसाठी आपण हात उचलतो, तेव्हा ते हात त्याच्या मुलांचे देणे चुकते केलेले असावेत.