मेस लावणे

शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलगा दाखल झाला, की दोन दिवसांत आईचा फोन येतो : ‘मेस लावली का रे?’ १९८३ पासून, म्हणजे हे महाविद्यालय सुरू झाल्यापासून, इथल्या किती खोल्यांत हा प्रश्न ऐकू आला असेल! यातलं नाम परकं आहे, पण क्रियापद जुनं मराठी आहे.

पूर्वी गरीब ब्राह्मण विद्यार्थी ‘वार लावून’ जेवत : सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. काही जण माधुकरी मागत. मधुकर म्हणजे भुंगा. तो जसा फुलाफुलातून थोडा थोडा मध गोळा करतो, तसं घराघरांतून थोडं थोडं अन्न. पुढे शहरांत मुलं ‘खानावळ लावू’ लागली आणि आता ‘मेस लावतात’. शिकण्यासाठी घर सोडलेल्याला कोणाच्या तरी चुलीशी नातं जोडावंच लागतं, म्हणून ‘लावणे’ टिकलं.

मात्र वार आणि माधुकरी यांची दारं जात पाहून उघडत. ज्यांना ती बंद होती, त्यांच्या शिक्षणाची वाट जेवणाशीच अडत होती. म्हणून भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र जेवू घालणारं वसतिगृह काढलं. डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह उघडलं. आमच्या वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय उभारलं. या माणसांनी शाळेइतकाच ताटाचा विचार केला.

आता ‘मेस’कडे पाहू. याचं मूळ लॅटिनमध्ये, ‘पाठवणे, ठेवणे’ या अर्थाच्या धातूत आहे. पानात वाढलेला पदार्थ तो मेस. पुढे एका ठिकाणी बसून जेवणाऱ्यांच्या गटालाच मेस म्हणू लागले. लंडनच्या ज्या ग्रेज इनमधून आंबेडकर बॅरिस्टर झाले, तिथे आजही चौघांच्या गटाने जेवायला बसतात आणि त्या गटाला मेसच म्हणतात. म्हणजे हा शब्द अर्थाने आपली पंगतच आहे. पंगतीला पंक्तिभेदाचा डाग लागला होता, तो पुसण्याची संधी या नव्या शब्दाने दिली, असं मला वाटतं.

ती संधी आपण सांभाळतो आहोत का? २०२३ मध्ये मुंबईच्या आयआयटीत फक्त शाकाहारी मुलांसाठी वेगळी टेबलं राखण्यावरून वाद झाला. कोणी काय खावं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शेजारच्याच्या ताटाचा विटाळ मानायला मुलं महाविद्यालयात शिकणार असतील, तर पंक्तिभेदच नव्या नावाने परत आला आहे.

शेगावात तरी हे विसरता येऊ नये. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी गजानन महाराज इथे पहिल्यांदा दिसले, ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना, असं भक्त सांगतात. आजही मंदिरातले सेवाधारी येणाऱ्या प्रत्येकाला ‘माउली’ म्हणतात आणि महाप्रसादाच्या पंगतीत जात विचारत नाहीत.

मेसमधल्या एका साध्या शब्दाचं मला फार मोल वाटतं : खाडा. जेवायला न आलेल्या मुलाच्या नावापुढे वहीत खाडा पडतो. हिशेब पैशांचाच असतो, तरी त्या निमित्ताने एक ताट रिकामं राहिल्याचं कोणाच्या तरी ध्यानात येतं. सलग तीन खाडे पडले, की वाढणाऱ्या काकू विचारतात, ‘तो पोरगा बिमार आहे का?’ खोलीत मोबाइलसमोर एकट्याने डबा उघडणाऱ्याचा खाडा कोण मांडणार? म्हणून मुलांना सांगावंसं वाटतं, मेस लावा आणि तिथे बसून जेवा. शेजारी कोण बसलंय ते पाहा, आणि कोण आलं नाही तेही.