दिशा, वहिवाट आणि मालकी

जेरुसलेमचे तटबंदीतले जुने शहर जेमतेम एक चौरस किलोमीटरचे आहे. ज्यूंच्या प्राचीन मंदिराची जागा, ख्रिस्ताच्या थडग्यावरचे चर्च आणि अल-अक्सा मशीद एवढ्याशा परिघात येतात. त्यामुळे ‘हे शहर कुणाचे?’ हा प्रश्न आपल्याला शहराइतकाच जुना वाटतो. मालकी तर प्रत्येक विजेत्याने सांगितली. 1099 मध्ये क्रुसेडच्या सैन्याने त्यासाठी कत्तल केली, 1187 मध्ये सलाहुद्दीनने शहर परत घेतले. पण राज्य आपल्या हाती असल्याशिवाय आपली श्रद्धाच अपुरी राहते, असे सर्वसामान्य भाविकाला मात्र शतकानुशतके वाटत नव्हते. ही समजूत रुजली ती गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत.

त्याआधी बहुतेकांसाठी जेरुसलेम ही एक दिशा होती. रोमनांनी इसवी सन 70 मध्ये मंदिर पाडले आणि जगभर पांगलेले ज्यू त्या दिशेला तोंड करून प्रार्थना करत राहिले. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंच्या सिनेगॉगांत तोरा या धर्मग्रंथाचे कपाट पश्चिमेकडे असते, ते याच कारणाने. इस्लामच्या सुरुवातीच्या वर्षांत मुसलमानही जेरुसलेमकडे तोंड करून नमाज पढत. मक्केची दिशा नंतर ठरली. ख्रिश्चनांनी तर स्वर्गातल्या जेरुसलेमची कल्पना केली, आणि चौथ्या शतकात निसाच्या ग्रेगरीसारखा बिशप तीर्थयात्रेच्या गरजेबद्दलच शंका घेऊ शकला. दिशा कितीही जणांनी धरली तरी कुणाचे काही कमी होत नाही.

जागेचे तसे नसते. तिथे गर्दी होते, धक्काबुक्की होते, मग नियम लागतात. या नियमांचा एक धाडसी प्रयोग 1229 मध्ये झाला. पोपने बहिष्कृत केलेला सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि सलाहुद्दीनचा पुतण्या अल-कामिल यांनी लढाईवाचून तह केला. शहर ख्रिश्चनांकडे गेले, हरम अल-शरीफ, म्हणजे प्राचीन मंदिराच्या जागेवरचे अल-अक्सा मशिदीचे आवार, मुसलमानांकडे राहिले. त्यावर जेरुसलेमचा ख्रिश्चन धर्माधिकारी संतापला आणि दमास्कसमध्ये शोक झाला. दोन्हीकडच्या कट्टरांना सारखाच झोंबलेला हा करार टिकला जेमतेम दहा वर्षे.

ऑटोमन काळात जागा नियमांनी वाटून घेण्याची हीच पद्धत चिवटपणे रुजली. ख्रिस्ताच्या थडग्याच्या चर्चमध्ये सहा पंथ नांदतात: ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन. कुणी कुठली पायरी झाडायची, कुठला दिवा कुणी लावायचा, यावरून हाणामाऱ्या होत. 1757 च्या आणि पुढे 1852 च्या फर्मानाने सुलतानांनी वाद मिटवला नाही, गोठवला. ज्याची जी वहिवाट चालत आली ती तशीच चालेल, नवे काही होणार नाही. 1878 च्या बर्लिन तहात युरोपनेही यावर शिक्का मारला. चर्चच्या दर्शनी भागावरच्या खिडकीखाली एक लाकडी शिडी कित्येक पिढ्या उभी आहे. ती हलवायचा अधिकार कुणाचा, हे ठरलेले नाही. दाराची किल्ली आणि दार उघडण्याचे काम दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे.

आपल्याकडे दुसऱ्याच्या शेतातून जाणारी पायवाट असते. सात-बारा एकाच्या नावावर, पण पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्याला अडवता येत नाही. जेरुसलेमची व्यवस्था काहीशी अशी होती. तिला आदर्श मानण्याचे मात्र कारण नाही. ज्यू आणि ख्रिश्चन तिथे समान नागरिक नव्हते, आणि पवित्र स्थळांवरच्या हक्कांचे भांडण क्रिमियन युद्धाचे एक निमित्त ठरले. तिचा गुण एवढाच, की प्रार्थना करणाऱ्याला सातबारा दाखवावा लागत नव्हता.

राष्ट्रवादाने हे बदलले. गंमत म्हणजे ज्यूंचे राष्ट्र उभारू पाहणाऱ्या सुरुवातीच्या झायोनिस्टांना जेरुसलेमची फारशी ओढ नव्हती. 1898 मध्ये आलेला त्यांचा नेता हर्झल या शहराने भारावला नाही. नव्या ज्यू जीवनाचे स्वप्न 1909 मध्ये वाळूवर वसवलेल्या तेल अवीवमध्ये आकार घेऊ लागले. पण राष्ट्राला प्रतीक लागते, आणि प्रतीक सामायिक असून चालत नाही. 1928 मध्ये योम किप्पूरच्या वेळी स्त्री-पुरुषांच्या मध्ये लावलेला एक पडदा प्राचीन मंदिराच्या आवाराच्या उरलेल्या पश्चिम भिंतीपाशी वादाचे कारण झाला. ज्यूंना तो उपासनेचा भाग वाटला, मुसलमानांना जागा बळकावण्याची पहिली पायरी. पुढच्या ऑगस्टमधल्या हिंसाचारात 133 ज्यू आणि 116 अरब मेले. नंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने निवाडा दिला: भिंत मुस्लिम वक्फच्या मालकीची, प्रार्थनेसाठी तिथे येण्याचा हक्क ज्यूंचा. कायद्याच्या नजरेने निर्दोष असा हा निकाल कुणाच्याच मनाला पटला नाही. काळ पुढे गेला होता.

1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी शहर कुणालाच न देता आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली ठेवण्याचा ठराव केला. ज्यू नेतृत्वाने फाळणीची योजना स्वीकारली, अरबांनी नाकारली, आणि 1948 च्या युद्धाने शहर चिरले. जुने शहर जॉर्डनकडे गेले. शस्त्रसंधीच्या करारात कबूल करूनही पुढची एकोणीस वर्षे ज्यूंना भिंतीपाशी जाता आले नाही. वहिवाट शासकाच्या मर्जीवर किती अवलंबून असते, हे त्यांना तेव्हा कळले. 1967 मध्ये इस्रायलने जुने शहर जिंकले आणि काही दिवसांतच भिंतीसमोरची मोरोक्कन वस्ती जमीनदोस्त झाली. तोच धडा आता पॅलेस्टिनी शिकत होते. तरीही इस्रायलचे संरक्षणमंत्री मोशे दायान यांनी हरमचा कारभार वक्फकडेच ठेवला: ज्यूंनी यावे, प्रार्थना मात्र मुसलमानांनी करावी. रब्बींच्या परिषदेने तर धार्मिक कारणावरून ज्यूंना तिथे पाऊल ठेवायलाच मनाई केली. विजेत्याने जुनी वहिवाट राखण्याचे हे शेवटचे मोठे उदाहरण.

त्यानंतर भाषा फक्त सार्वभौमत्वाची उरली. 1980 च्या इस्रायली कायद्याने अखंड जेरुसलेमला राजधानी म्हटले; सुरक्षा परिषदेने तो कायदा रद्दबातल ठरवला. 1988 मध्ये पॅलेस्टिनींनीही याच शहराला आपली राजधानी घोषित केले. 2000 च्या कॅम्प डेव्हिड वाटाघाटींत जमिनीच्या वर एकाची आणि खाली दुसऱ्याची सत्ता, इथवर कल्पना लढवल्या गेल्या आणि बोलणी फिसकटली. अलीकडे इस्रायलचे मंत्रीच हरमवर ज्यू प्रार्थनेचा हक्क उघडपणे मागतात. प्रार्थना हाच मालकीचा पुरावा झाल्यावर प्रत्येक प्रार्थनेत समोरच्याला अतिक्रमण दिसते.

या शहराबद्दलचे दोन प्रश्न आपण एकच समजत आलो, असे मला वाटते. भाविकाला हवी असते निर्भय वहिवाट. पूर्व जेरुसलेममधल्या साडेतीन लाखांहून अधिक पॅलेस्टिनींना हवे असतात राजकीय हक्क. त्यांतले बहुतेक ‘कायमचे रहिवासी’ आहेत, नागरिक नव्हेत. पहिल्या प्रश्नाला मालकी लागत नाही, शासकाच्या मर्जीबाहेरची हमी लागते. दुसऱ्याला मात्र राजकीय उत्तर द्यावेच लागेल. तिथे श्रद्धेचा हवाला देऊन भागत नाही. आज पवित्र स्थळाचे नाव घेऊन रहिवाशाचा प्रश्न टाळला जातो, आणि रहिवाशाच्या दुःखाच्या आडून दुसऱ्याचे पावित्र्य नाकारले जाते. हे दोन धागे सुटे केल्याने तंटा मिटेल अशी हमी नाही. पण ते गुंतलेले राहतील तोवर कुठलाही तह 1229 च्या तहापेक्षा जास्त टिकेल, असे मानायला इतिहासात आधार नाही.