हाताने दिलेला शब्द

मोटारीला दिव्यांची भाषा अवगत होण्यापूर्वी तिची भाषा चालकाच्या उजव्या हातात होती. भारतात रहदारी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते आणि चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे डावीकडे वळण्याचा मनोदयही उजव्या हातालाच सांगावा लागे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या खुणा नेमून दिल्या आणि १९८९ च्या नियमांतही त्या टिकून राहिल्या. उजवीकडे वळताना तळवा पुढे करून हात आडवा धरावयाचा. डावीकडे वळताना तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावयाचा. वेग कमी करताना तळवा खाली ठेवून हात वरखाली हलवावयाचा. थांबताना तो कोपरापासून उभा धरावयाचा.

या चारही खुणा चालकाने स्वतःविषयी केलेली विधाने आहेत. परंतु पाचवी खूण निराळ्या जातीची आहे. बाहेर काढलेला हात अर्धवर्तुळात मागेपुढे झुलवून मागच्या चालकाला ‘पुढे जा’ असे सांगण्याची ती खूण. येथे हात स्वतःचा बेत सांगत नाही. दुसऱ्याने काय करावे हे सांगतो. नैतिक प्रश्न उपस्थित होतो तो याच ठिकाणी.

दुर्गहून भिलाईमार्गे रायपूरकडे जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडवर मालमोटारीच्या मागे अडकलेल्या चालकाची कल्पना करावी. त्याला समोर दिसते ते केवळ मालमोटारीचे मागचे फळके. पुढच्या चालकाचा हात झुलतो आणि त्या अनोळखी हातावर विसंबून तो बाहेर पडतो. समोरून वाहन आले तर दोष कोणाचा? पाहण्याची जबाबदारी पुढे जाणाऱ्याचीच, असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. पण ज्याला रस्ता दिसतो त्याने न दिसणाऱ्याला आपली दृष्टी उसनी दिली, हेही तितकेच खरे. जबाबदारी ही वडिलोपार्जित जमिनीसारखी वाटून निम्मी होत नाही. ती दोघांवरही पूर्ण राहते. मराठीत ‘हात वर करणे’ म्हणजे जबाबदारी झटकणे. रस्त्यावर मात्र हात बाहेर काढणारा ती अंगावर घेतो.

मग हात आतच ठेवणे शहाणपणाचे नाही काय? ‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण हाच सल्ला देईल. या सल्ल्याचे उत्तर भिलाईतच सापडते. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा कारखान्याच्या गदारोळात शब्द ऐकू येत नाही. उंचावरील क्रेनचालकाला खालचा माणूस हाताने खुणावतो. या कामाचा एक सर्वमान्य दंडक आहे: ओझे उचलण्याची वा हलविण्याची खूण नेमलेल्या एकाच माणसाची मानावी, थांबण्याची खूण मात्र कोणीही केली तरी मानावी. या दंडकात मोठा विवेक आहे. चुकून ‘थांब’ म्हटले तर वेळ जातो. चुकून ‘चल’ म्हटले तर जे जाते ते परत आणता येत नाही. म्हणून अनुज्ञेला अधिकार आणि खात्री लागते. इशाऱ्याला केवळ डोळे आणि आस्था पुरते. जेथे इशारा देण्याचा हक्क सर्वांना आहे, तेथे धोका दिसूनही हात आखडणारा निर्दोष ठरत नाही.

अमेरिकेत १९३९ च्या ब्युइक मोटारींत लुकलुकणारे दिशादर्शक दिवे आले आणि पुढे ते सर्वत्र रूढ झाले. दिव्यांनी वळण सांगितले, थांबणे सांगितले. पाचव्या खुणेसाठी मात्र निराळा दिवा निघाला नाही. गरज तर उरलीच. म्हणून महामार्गांवर मालमोटारींचे चालक उजवा दिवा लावून मागच्याला पुढे जाण्यास सुचवू लागले. तोच दिवा ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असेही सांगतो. एकाच चिन्हाचे हे दोन अर्थ काव्यात श्लेष म्हणून शोभतील. रस्त्यावर एक अर्थ वाट मोकळी असल्याचे सांगतो आणि दुसरा ती बंद होत असल्याचे. हाताच्या भाषेत ही गफलत नव्हती, कारण तेथे दोन खुणा वेगळ्या होत्या.

सायकलस्वाराला मात्र अजूनही हाताखेरीज दिशादर्शक नाही. पाळी संपवून परतणारा कामगार वळणापूर्वी हात बाजूला धरतो, तेव्हा त्याचे अर्धे नियंत्रण सुटलेले असते. आपला तोल किंचित धोक्यात घालून तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला आपला बेत कळवतो. शब्द देणे म्हणजे याहून फारसे वेगळे काही नसते.