मागून येणाऱ्या प्रवाशाचा हक्क



आपल्या वाशीम जिल्ह्यातील बहुतेकांचे दैनंदिन जीवन दुसऱ्याच्या वाहनावर अवलंबून आहे. मालेगावहून वाशीमला, मानोऱ्याहून कारंजाला, रिसोडच्या खेड्यांतून तालुक्याच्या बाजाराला जाणारा माणूस एसटीने जातो, नाहीतर काळी-पिवळीने, नाहीतर ऑटोने. सोयाबीनच्या सोंगणीला निघालेल्या मजूर स्त्रिया एकाच गाडीत दाटीवाटीने बसतात. शाळकरी मुले ऑटोत एकमेकांच्या मांडीवर बसून शाळा गाठतात. एक प्रवासी उतरतो आणि त्याच्या अंगाची ऊब आसनावरून जाण्यापूर्वीच दुसरा तेथे बसतो. या दोघांची ओळख नसते. बहुधा पुन्हा कधी भेटही होत नाही. तरीही पहिल्यावर दुसऱ्याचा एक हक्क असतो. या लेखात त्याच हक्काचा विचार करावयाचा आहे.

2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात तर रुग्णांची संख्या फार मोठी होती. आजारी माणसाच्या नजरेला नजर भिडली की डोळे येतात, असे त्या वेळी अनेक जण म्हणत होते. वस्तुस्थिती वेगळी आहे. रुग्ण डोळा चोळतो, त्याच हाताने गाडीचा दांडा धरतो. मागून येणारा तोच दांडा धरतो आणि नकळत आपल्या डोळ्याला हात लावतो. क्षयरोग आणि कोरोना यांचा मार्ग मुख्यतः हवेचा आहे; बंद काचांच्या गाडीत खोकणाऱ्याचा श्वास सर्वांच्या वाट्याला येतो. जुलाब आणि उलट्यांचे काही आजार अस्वच्छ हातांवाटे तोंडापर्यंत पोहोचतात. अशा रीतीने गाडी माणसांबरोबर आजारही एका गावाहून दुसऱ्या गावी नेते, आणि त्याचे भाडे मात्र त्या अनोळखी प्रवाशाच्या घराला भरावे लागते.

या बाबतीत आपला दीन काय सांगतो? अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातील एका वचनाचा आशय असा आहे की, तीन ठिकाणी मलविसर्जन करणे हे शापाला कारण होणारे कृत्य आहे, त्यापासून दूर राहावे. ती तीन ठिकाणे म्हणजे पाणवठा, रहदारीचा रस्ता आणि लोकांच्या विसाव्याची सावली. या तिन्हींत समान काय आहे, याचा विचार करावा. ही कोणा एकाच्या मालकीची ठिकाणे नाहीत. तेथे आज मी आहे, उद्या दुसरा येणार आहे. घाण करणारा निघून जातो आणि त्रास मागून येणाऱ्याला होतो. आजच्या काळात प्रवासी वाहन हे रस्ताही आहे आणि सावलीही आहे. म्हणून खिडकीतून खर्ऱ्याची पिचकारी मारणारा, आसनाखाली थुंकणारा, मुलाची उलटी तशीच टाकून उतरणारा माणूस याच शिकवणीच्या कक्षेत येतो, असे समजण्यास पुरेसा आधार आहे.

येथे एक शंका विचारली जाते. माणसाचा घाम आणि लाळ, मग तो माणूस कोणत्याही धर्माचा असो, शरिअतच्या दृष्टीने पाक आहे. मग गाडी धुण्याचा एवढा आग्रह कशासाठी? मसला बरोबर आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. तहारत वेगळी आणि नजाफत वेगळी. कपड्याला लाळ लागली तर नमाज होते. पण पाक असणे म्हणजे निरुपद्रवी असणे नव्हे. विंचूही सुकलेल्या अंगाने कपड्यावरून चालून गेला तर कपडा नापाक होत नाही, म्हणून कोणी त्याला अंथरुणात ठेवून घेत नाही. नमाजसाठी काय पाक आहे हे एका प्रकरणात शिकविले जाते आणि दुसऱ्याला इजा पोहोचवू नये हे दुसऱ्या प्रकरणात. श्रद्धावंताला दोन्ही प्रकरणे वाचावी लागतात.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. रोगाचा संसर्ग नाही, या आशयाची हदीस पुढे करून काही बांधव म्हणतात की, ज्याच्या नशिबी आजार आहे त्याला तो होणारच. परंतु आजारी उंटांच्या मालकाने आपले उंट निरोगी उंटांत आणू नयेत, ही आज्ञाही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच आहे आणि ती ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडूनच आपल्यापर्यंत आली आहे. विद्वानांनी या दोहोंचा मेळ असा घातला आहे की, रोगात स्वतःचे सामर्थ्य नाही, तो अल्लाहच्या हुकमानेच लागतो. मात्र त्याची कारणे अल्लाहनेच निर्माण केली आहेत आणि त्यांपासून सावध राहणे बंधनकारक आहे. ह. उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले असता पुढे प्लेग असल्याचे कळले. त्यांनी सोबत्यांचा सल्ला घेतला आणि काफिला मागे वळविला. अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय, असे विचारले गेले, तेव्हा आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, या अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. त्या काळी उंट हेच वाहन होते. आजारी उंट कोठे न्यावा आणि काफिला कोठून परतवावा, हा तेव्हा दीनचा प्रश्न होता. मग आपल्या जीपचा दांडा आणि खिडकी दीनच्या बाहेर कशी राहील?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. अल्लाहचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क, म्हणजे हुकूकुल इबाद, वेगळे, हे आपण मदरशात आणि मिंबरवरून वारंवार ऐकतो. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबाचे दार उघडे आहे. बंद्याच्या हक्कात कसूर झाली तर तौबाबरोबर त्या बंद्याची भरपाई करावी लागते, त्याच्याकडून माफी मिळवावी लागते. शेजाऱ्याचे शेत तुडविले तर त्याचे दार ठोठावता येते. दुकानदाराचे पैसे बुडविले तर ते परत नेऊन देता येतात. पण खोकल्याने बेजार असताना तोंड न झाकता तासभर प्रवास केला आणि शेजारी बसलेली वृद्धा शेलूबाजारला उतरून गेली, तर तिला कोठे शोधणार? तिचे नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. ती आजारी पडली की नाही, हेही कळणार नाही. ती भेटेल ती थेट न्यायाच्या दिवशी. ज्याची माफी मागता येत नाही, अशा अपराधापासून माणसाने सर्वांत अधिक भ्यावे.

म्हणून प्रवाशाने काय करावे, ते सोपे आहे. शिंक किंवा खोकला आला की तोंड झाकावे, शिंकताना हाताने वा वस्त्राने चेहरा झाकून आवाज खाली ठेवणे ही प्रेषितांची (स.) सुन्नत आहे. ताप-खोकला असेल तर मास्क लावावा, खिडकी उघडी ठेवावी, शक्य असेल तर प्रवास टाळावा. उतरल्यावर साबणाने हात धुवावेत. पाचदा वुजू करणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये.

चालकाने फेऱ्यांच्या मधे काचा उघडून गाडीत वारा खेळू द्यावा. दिवसातून किमान एकदा दांडे, दाराच्या कड्या, आसनांच्या पाठी आणि पायदान साबणाच्या पाण्याने पुसावे. पाण्याची टंचाई ही येथे सबब होऊ शकत नाही, प्रेषित (स.) ‘मुद्द’भर, म्हणजे जेमतेम लिटरभर पाण्यात वुजू करीत. एक बादली आणि दोन फडकी एका जीपला पुरतात. उलटी, रक्त किंवा थुंकी पडली असेल, अथवा आजारी माणसाला नेले असेल, तर निर्जंतुकीकरणही करावे. आधी घाण पुसून काढावी, कारण घाणीवर ओतलेले औषध वाया जाते. मग 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लावून दहा मिनिटे राहू द्यावे; बाजारातील 5 टक्क्यांच्या द्रावणाच्या एका भागात चार भाग पाणी घातले की ते तयार होते. लोखंडी भाग नंतर साध्या पाण्याने पुसावेत, म्हणजे गंज चढत नाही. हातमोजे घालावेत, दारे उघडी ठेवावीत आणि हे द्रावण ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

गाडीमालकांनाही एक सांगणे आहे. चालकाला फेरीमागे मजुरी मिळते; गाडी पुसण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या मुलांच्या घासातून जातो. तो अर्धा तास मजुरीत धरणे ही मालकाची जबाबदारी आहे. ज्या मशिदींच्या जमातीकडे रुग्णवाहिका किंवा जनाजाची गाडी आहे, त्यांच्या विश्वस्तांवर तर हे ओझे दुप्पट आहे. ती गाडी लोकांच्या चंद्यातून आलेली अमानत आहे. तिच्यात डिझेल भरण्यासाठी निधी असतो. साबण, द्रावण आणि हातमोजे यांसाठीही तो ठेवावा, आणि प्रत्येक फेरीनंतर गाडी कोणी स्वच्छ केली याची वहीत नोंद करावी.

शेवटी एक इशारा. या सावधगिरीचे रूपांतर तिरस्कारात होता कामा नये. 2021 मध्ये एसटी महामंडळाने आपल्या गाड्यांना जंतुरोधक लेप देण्याचे काम हाती घेतले होते. परंतु मनावर चढणाऱ्या घृणेवर कोणताही लेप नाही. क्षयाच्या रुग्णाला गाडीतून उतरवून देणे, त्याच्या वस्तीकडे बोट दाखविणे, त्याच्या जातिधर्माची चर्चा करणे हे सारे जुलूम आहेत. त्याला खिडकीजवळची जागा द्यावी, मास्क द्यावा आणि दवाखान्यापर्यंत न्यावे. रुग्णाची भेट घेणे हा मुसलमानाचा मुसलमानावरील हक्क सांगितला आहे. त्याला दवाखान्यात पोहोचविणे हे त्याहून कमी कसे असेल?

वाहनावर बसताना आपण जी दुआ पढतो, तिच्यात हे वाहन आपल्या ताब्यात देणाऱ्याची स्तुती आहे आणि आपल्याला त्याच्याचकडे परतावयाचे आहे, याचे स्मरण आहे. प्रत्येक प्रवास त्या परतीची आठवण देतो. मग उतरताना आसनाकडे एकदा मागे वळून पाहावे. तेथे आता जो बसणार आहे, तो उद्या अल्लाहसमोर आपल्याविषयी काय सांगेल, एवढा विचार पुरेसा आहे.

अल्लाह आपणा सर्वांना त्याच्या बंद्यांचे, ओळखीच्यांचे आणि अनोळखींचेही, हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो, आणि आपल्या जिल्ह्यातील प्रत्येक रुग्णाला शिफा देवो. आमीन.