साहसाचे वाटेकरी

गेल्या भाद्रपदांत माझ्या भाच्यानें स्कॉटलंडहून फोनवर एक चित्रफीत पाठविली आणि खालीं एवढेंच लिहिलें, "मामा, आईला एवढ्यांत सांगूं नका." तो तिकडे नोकरीस आहे. सुटी काढून तो पश्चिम समुद्रांतील टायरी नांवाच्या बेटावर गेला होता. ओबन बंदरापासून बोटीनें तेथें जाण्यास सुमारें चार तास लागतात. वस्ती सातशेंच्या आंत, जमीन सपाट, झाडें जवळजवळ नाहींत. त्यामुळें अटलांटिकवरून येणाऱ्या वाऱ्यास अडविणारें कांहीं नाहीं. पाणी ऐन उन्हाळ्यांतही इतकें थंड असतें कीं, अंगाला रबरी पोशाख चढविल्याखेरीज त्यांत फार वेळ राहवत नाहीं. अशा पाण्यांत, पायाखालीं फळी आणि कमरेच्या पट्ट्याला पतंग अडकवून, माझा भाचा लाटांवरून धांवत होता. मध्येंच वाऱ्यानें त्याला दोन पुरुष उंच उचललें.

या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. पतंग आठ-दहा चौरस मीटरांचा, दोऱ्या वीस मीटरांहून लांब. त्याच्या कडेच्या नळींत हवा भरलेली असते, म्हणून तो पाण्यावर पडला तरी बुडत नाहीं. या युक्तीचें पेटंट दोन फ्रेंच बंधूंनीं १९८४ सालीं घेतलें. आपल्याकडे गोव्याच्या मोरजी किनाऱ्यावर हा खेळ चालतो, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याचा प्रथमच समावेश झाला. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याची ओढ चौपट होते, आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहूं लागला तर तीच ओढ माणसास किनाऱ्यापासून दूर नेते. यांतच त्या खेळाची गोडी आहे आणि यांतच त्याचें भय.

आमचा खंडाळा लोणावळ्याशेजारचा नव्हे. नीरा ओलांडून पुण्याहून साताऱ्याकडे जातांना खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागतो तो. येथें समुद्र नाहीं; पण वारा आहे आणि वावडीही आहे. भाच्याच्या हातांत दोरी प्रथम आली ती येथल्याच माळावर. आकाशाकडे डोळे लावून तो उलटा उलटा चालत जाई, आणि माझी बहीण उंबऱ्यांतून ओरडे, "अरे, मागं विहीर आहे!"

आतां प्रश्न असा कीं, अशा निष्प्रयोजन साहसाचा माणसास हक्क आहे काय? निरुपयोगी म्हणून तें त्याज्य, हा आक्षेप मला टिकण्यासारखा वाटत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत चाळकेवाडीच्या पठारावर वाऱ्यापासून वीज काढतात. म्हणून मुलानें त्याच वाऱ्यावर वावडी उडवूं नये असें कोणी म्हणत नाहीं. उपयोगाच्या तराजूंत घातलें तर गाणें आणि टेकडीवर बसून पाहिलेला सूर्यास्त हींही हलकींच ठरतील. मात्र या साहसाच्या समर्थनार्थ तानाजीचें नांव घेणें हें अनुचित होय. १६७० सालीं सिंहगडाचा कडा जे चढले ते आपल्याहून मोठ्या कार्यासाठीं चढले. खेळाडूचें साहस स्वतःच्या आनंदासाठीं असतें, आणि त्यानें तें तसेंच कबूल करावें.

दुसरा पक्ष म्हणतो, देह माझा, धोका माझा. इतरांनीं मध्यें कां पडावें? जॉन स्टुअर्ट मिल यानें १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत प्रतिपादिलें कीं, दुसऱ्यास अपाय होत नाहीं तोंवर समाजानें व्यक्तीवर सक्ति करूं नये. टेंभूच्या आगरकरांवर या विचाराचा केवढा संस्कार होता हें वाचकांस ठाऊकच आहे. मलाही तो मान्य आहे. परंतु ज्या साहसाचा भार दुसऱ्या कोणावरच पडत नाहीं, असें साहस असतें तरी कोठें?

बेंजामिन फ्रँकलिन यानें १७७३ सालच्या एका पत्रांत आपल्या बालपणची हकीकत सांगितली आहे. पतंगाची काठी हातांत धरून तो तळ्यांत उताणा पडला आणि पतंगानें त्याला ओढत पलीकडच्या कांठास नेलें. आजच्या खेळाचें तें बालरूपच म्हणावयाचें. पण त्या हकीकतींत आणखी एक मुलगा आहे. फ्रँकलिनचे कपडे हातांत घेऊन तो तळ्याला वळसा घालून दुसऱ्या कांठावर गेला. त्याचें नांव कोणास माहीत नाहीं. तथापि तो नसता तर फ्रँकलिनला उघड्यानें घरीं जावें लागलें असतें.

असा कपडे वाहणारा प्रत्येक साहसामागें असतो. ब्रिटनच्या किनाऱ्यांवर बुडत्यास वांचविणारी जीवनौका संस्था १८२४ पासून चालू आहे; तिच्या नौकांवर जाणारे बहुतेक लोक स्वयंसेवक आहेत. आमच्याकडेही घाटाच्या दरींत कोणी पडला कीं गांवचींच तरुण मुलें दोर बांधून खालीं उतरतात. ज्यानें धोका पत्करला त्यानें यांचाही धोका पत्करलेला असतो, आणि तोही त्यांना न विचारतां. म्हणून साहस निषिद्ध ठरत नाहीं. तें ऋण मात्र ठरतें. आधीं नीट शिकणें, वाऱ्याची दिशा पाहणें, एकट्यानें न जाणें, हे त्या ऋणाचे हप्ते होत. जो ते चुकवितो तो शूर नव्हे, उधळ्या आहे, आणि तोही दुसऱ्याच्या पैशावर.

आईला न सांगणें याच हिशेबांत येतें. भाच्याचें म्हणणें असें कीं, तिला उगीच काळजी कशाला? हें मलाही प्रथम दयेचें वाटलें, आणि आठ दिवस मी गप्प राहिलों. बहीण रोज चहाच्या वेळीं त्याची खुशाली विचारी. मी "बरा आहे" म्हणें. शब्द खरा होता, पण तो उच्चारतांना मी तिच्याकडे पाहत नसें. मग ध्यानांत आलें कीं, काळजी हा तिचा वाटा आहे. अनिष्ट घडलें तर सर्वांत जड गांठोडें तिच्याच माथीं येणार. तें आहे हेंही तिला कळूं न देणें ही दया नव्हे. मुलगा तीस वर्षांचा आहे, त्याला मनाई करण्याचा अधिकार तिला नाहीं, जाणण्याचा आहे. हे दोन अधिकार आपण एक समजतों, म्हणूनच मुलें लपवितात आणि आया मना करितात.

तथापि सांगणें हें माझें काम नव्हे. मीं त्याला कळविलें, "रविवारपर्यंत तूंच सांग. तिनें विचारलें तर मी खोटें बोलणार नाहीं." त्यानें शनिवारींच फोन केला. बहिणीनें सर्व ऐकून घेतलें. ती रडली नाहीं, रागावलीही नाहीं. तिनें एकच विचारलें, "तिथं काठावर तुझ्यासाठी कोण उभं असतं?"

तो थोडा वेळ बोललाच नाहीं. मग त्यानें सांगितलें कीं, दोनदां तो एकटाच गेला होता.

आतां तो सोबत घेऊन जातो; पाण्यांत उतरण्यापूर्वीं एक आणि बाहेर आल्यावर एक, असे दोन संदेश पाठवितो. पहिला आला कीं दुसरा येईपर्यंत माझी बहीण फोन हातावेगळा करीत नाहीं.